पैसे आले, पण ते राहतील का? ऑनलाइन विक्रीत पेमेंटची पद्धत निवडताना

तुम्ही कॅमेरा आणि दोन लेन्स विकायला काढल्या आहेत आणि तीन गिऱ्हाइकं समोर आहेत. एक जण बँकेचा चेक कुरियरने पाठवतो म्हणतोय. दुसऱ्याला पेपालने (ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा) किंवा कार्डाने पैसे द्यायचे आहेत. तिसरा म्हणतो, भावाच्या खात्यातून आत्ता लगेच पैसे टाकतो, वस्तू न्यायला मित्र येईल. यातलं सुरक्षित कोणतं, असा तुमचा प्रश्न आहे. पेमेंटच्या तक्रारींत विक्रेत्याच्या वतीने बँकांना आणि पेमेंट कंपन्यांना उत्तरं लिहिणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे नुसतं 'हे घ्या, ते नको' न सांगता कारणांसकट लिहिते. कारणं कळली की उद्या एखादं नवीन ॲप आलं तरी तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.

विक्रेता सहसा एकच गोष्ट बघतो: पैसे आले का? बघायला हव्यात त्या पुढच्या गोष्टी. आलेले पैसे परत जाऊ शकतात का, कोणाच्या सांगण्यावरून, आणि किती दिवसांपर्यंत? वस्तू एकदा हातची गेली की गेली. खात्यात दिसणारी रक्कम मात्र काही पद्धतींत त्याच क्षणी तुमची होते, काहींत ती महिनोन्महिने अधांतरी असते. रक्कम दिसणं आणि ती पक्की होणं यांच्यामधल्या काळातच फसवणूक होते. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत पैसे खरोखरच आले होते, आणि नंतर गेले.

पैसे देण्याच्या पद्धतींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात पैसे देणारा स्वतः आपल्या बँकेला किंवा मोबाइल-पैसे सेवेला सांगतो, अमुक खात्यात एवढी रक्कम पाठव. बँक ट्रान्स्फर, भारतातलं यूपीआय, ब्राझीलचं पिक्स, केनियातलं एम-पेसा ही सगळी या प्रकारातली. दुसऱ्यात पैसे घेणाऱ्याची बाजू देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम ओढून आणते. कार्ड, चेक आणि डायरेक्ट डेबिट (आधी दिलेल्या परवानगीवर खात्यातून थेट होणारी वसुली) दुसऱ्या प्रकारात येतात. ओढून आणलेल्या पैशाबद्दल देणारा नंतर म्हणू शकतो की मी परवानगीच दिली नव्हती, म्हणून जवळपास सगळीकडे त्याला तक्रारीचा भक्कम हक्क दिलेला असतो. युरोपातल्या सेपा या सामायिक पेमेंट व्यवस्थेच्या डायरेक्ट डेबिटमध्ये ग्राहक 8 आठवड्यांच्या आत कारणही न देता पैसे परत मागू शकतो, आणि परवानगीच नव्हती असं त्याचं म्हणणं असेल तर मुदत 13 महिन्यांची आहे. हे नियम योग्यच आहेत. खरेदी करताना मलाही ते हवेच असतात. पण विकणाऱ्याने या मुदती ठाऊक असूनच सौदा करायला हवा.

चेकचं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. बँकेने स्वतः काढलेला चेक असला तरी अनोळखी माणसाकडून नको. चेक खात्यात जमा दिसला म्हणजे वटला, असं लोक समजतात आणि तिथेच फसतात. अमेरिकेत तर कायद्यानेच बँकेला ठरावीक दिवसांत चेकची रक्कम वापरायला मोकळी करावी लागते. बँकेने काढलेल्या चेकबाबत ही मुदत बहुधा दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाची असते. चेक बनावट असल्याचं मूळ बँकेकडून कळायला मात्र त्यानंतर कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. कळलं की ती रक्कम तुमच्या खात्यातून वजा होते, मग तुम्ही ती खर्च केलेली असो वा नसो. असे चेक हुबेहूब छापलेले असतात, बँकेचं नाव खरं असतं, आणि खाली दिलेला फोन नंबर मात्र त्याच टोळीचा असतो. त्या नंबरवर फोन करून खात्री करायला गेलात तर अगदी गोड आवाजात खात्री मिळते.

चेकच्या जोडीला हमखास येणारा प्रकार म्हणजे 'चुकून जास्त रक्कम गेली'. ठरलेल्या किमतीपेक्षा मोठा चेक येतो आणि निरोप येतो की वरचे पैसे वाहतूकवाल्याला पाठवून द्या. तुम्ही तुमचे खरे पैसे पाठवता, आठवड्याने चेक परत येतो. वस्तूही गेली, वरचे पैसेही गेले. हा डाव चेकपुरता मर्यादित नाही, तो कार्डाने खेळतात, ट्रान्स्फरनेही खेळतात. यावर एकच नियम पाळा: जास्त आलेली रक्कम वेगळ्या वाटेने कधीही परत करू नका. ज्या वाटेने पैसे आले त्याच वाटेने अख्खा व्यवहार रद्द करायचा आणि योग्य रकमेचा नवा करायला सांगायचं. कार्ड असेल तर त्याच कार्डावर परतावा, ट्रान्स्फर असेल तर आपल्या बँकेला कळवून तिच्यामार्फत. खरा माणूस याला हरकत घेत नाही.

तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल जास्त विचार करायला हवा, कारण कार्ड ही वाईट पद्धत नाही. ती फक्त खरेदीदाराच्या बाजूने झुकलेली आहे. अमेरिकेचा फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आणि ब्रिटनचा कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट हे दोन्ही 1974 चे, म्हणजे कार्डधारकाला दाद मागता यावी ही कल्पना ऑनलाइन बाजाराच्या कितीतरी आधीची. त्यावर व्हिसा आणि मास्टरकार्ड यांचे स्वतःचे नियम आहेत. त्यांत बहुतेक प्रकारच्या तक्रारींसाठी साधारण 120 दिवस मिळतात, आणि 'माल आलाच नाही' अशा तक्रारीत हे दिवस माल पोहोचायला हवा होता त्या तारखेपासून मोजले जातात. तक्रार आली की चार्जबॅक, म्हणजे पैसे उलटे फिरवणं, होतो. रक्कम तुमच्याकडून आधी काढली जाते, वर शुल्क लागतं आणि मग तुमचं म्हणणं ऐकलं जातं. हा क्रम लक्षात ठेवा. सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर असतं.

चार्जबॅकमागे मुख्यतः तीन कारणं असतात आणि तिन्हींवर उपाय वेगळा आहे. पहिलं, कार्ड चोरीचं होतं आणि खरा मालक म्हणतो की मी हा व्यवहार केलाच नाही. इथे ओटीपीचा किंवा बँकेच्या ॲपमधून मंजुरी देण्याचा टप्पा उपयोगी पडतो. त्यातून गेलेल्या व्यवहारात या एका कारणापुरतं नुकसान बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेच्या अंगावर जातं. दुसरं कारण, माल मिळाला नाही. इथे ओटीपी तुम्हाला वाचवत नाही, पोच वाचवते. तिसरं, माल वर्णनाप्रमाणे नाही. हे सगळ्यांत अवघड, कारण लेन्सवर ओरखडा आधीपासून होता की नंतर पडला यावर दोन्ही बाजूंना मत असतं आणि निर्णय घेणारा माणूस वस्तू न बघता फक्त कागद बघतो.

पेपालमध्ये खरेदीदाराला तक्रार करायला 180 दिवस मिळतात. विक्रेत्यासाठीही संरक्षण आहे, पण ते अटींना बांधलेलं आहे आणि लोक अटी वाचत नाहीत. वस्तू व्यवहाराच्या तपशिलात दिसणाऱ्या पत्त्यावरच पाठवायला हवी. ती पोहोचल्याचा पुरावा हवा. रक्कम मोठी असेल तर घेणाऱ्याची सही हवी. अमेरिकेत ही मर्यादा 750 डॉलरची आहे. एवढं करूनही संरक्षण फक्त 'व्यवहार मी केला नाही' आणि 'माल मिळाला नाही' या दोन तक्रारींपुरतं आहे. 'वर्णनाप्रमाणे नाही' या तक्रारीला ते लागू नाही.

म्हणून पैसे आल्यावर खरेदीदाराने 'पत्ता बदललाय, या दुसऱ्या ठिकाणी पाठवा' असं कळवलं, तर व्यवहार रद्द करा आणि नव्या पत्त्यासह पुन्हा पैसे भरायला सांगा. संदेशातून आलेला पत्ता उपयोगाचा नाही, व्यवहारावर छापलेलाच पत्ता धरला जातो. याहून जास्त घात होतो तो 'पेपालने पैसे देतो आणि वस्तू स्वतः येऊन नेतो' यात. माणूस समोर येतो, हसून बोलतो, कॅमेरा नेतो आणि काही आठवड्यांनी तक्रार करतो की माल मिळालाच नाही. तुमच्याकडे कुरियरची पोच नाही, कारण कुरियर नव्हताच. अशी प्रकरणं मी लढवली आहेत आणि ती जिंकणं फार कठीण असतं. माणूस प्रत्यक्ष येणार असेल तर पैसेही तिथल्या तिथे पक्के होतील अशाच पद्धतीने घ्या. दूरवर पाठवायचं असेल तेव्हा कार्ड किंवा पेपाल चालेल.

शुल्क वाचवण्यासाठी 'मित्र आणि कुटुंबीय' या पर्यायातून पैसे पाठवा, असं काही विक्रेते सुचवतात. तसं करू नका. त्या पर्यायात खरेदीदाराचं संरक्षण जातं, म्हणून असं सुचवणारा विक्रेताच संशयास्पद दिसतो. शिवाय वस्तूच्या विक्रीसाठी तो वापरणं कंपनीच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यावरून खातं रोखलं जाऊ शकतं. आणि ज्या खात्यातून पैसे आले ते दुसऱ्याचं हॅक केलेलं असेल तर पर्याय कोणताही असो, पैसे परत खेचले जाऊ शकतात.

आता तिसरं गिऱ्हाईक. तिघांत तेच मला सगळ्यांत जास्त खटकलं, आणि तुम्हाला तेच सगळ्यांत सोपं वाटत होतं.

तत्काळ बँक ट्रान्स्फर ही विक्रेत्यासाठी मुळात चांगली पद्धत आहे. ब्रिटनमध्ये फास्टर पेमेंट्स 2008 मध्ये सुरू झालं, भारतात यूपीआय 2016 मध्ये, ब्राझीलमध्ये पिक्स नोव्हेंबर 2020 मध्ये, अमेरिकेत फेडनाऊ जुलै 2023 मध्ये. या सगळ्यांत रक्कम काही सेकंदांत पोहोचते आणि सर्वसाधारणपणे परत ओढता येत नाही. चुकून पाठवली तरी घेणाऱ्याच्या संमतीशिवाय ती परत मिळणं कठीण असतं. विक्रेत्याला याहून काय हवं? पण यात एक गृहीत धरलेलं आहे: पैसे पाठवणारा आणि वस्तू नेणारा एकच माणूस आहे.

फसवणुकीचा जो प्रकार मला सगळ्यांत क्रूर वाटतो तो नेमका इथे घडतो. त्यात तीन माणसं असतात. फसवणारा तुमच्या जाहिरातीतले फोटो उचलतो आणि त्याच कॅमेऱ्याची स्वतःची जाहिरात टाकतो, किंमत थोडी कमी लावून. त्याच्या जाहिरातीला एक प्रामाणिक माणूस भुलतो. फसवणारा एकीकडे तुमच्याशी सौदा पक्का करून तुमचा खाते क्रमांक घेतो आणि दुसरीकडे तोच क्रमांक त्या माणसाला 'माझा' म्हणून देतो. तो बिचारा तुमच्या खात्यात पैसे भरतो. तुमच्याकडे पूर्ण रक्कम येते, अगदी खरी. तुम्ही निर्धास्तपणे कॅमेरा 'मित्राच्या' हाती देता. चार दिवसांनी तो दुसरा माणूस वस्तू न मिळाल्याची तक्रार करतो आणि कागदोपत्री पैसे घेणारे तुम्ही असता. बँक तुमचं खातं गोठवते, पोलीस तुम्हाला बोलावतात. कॅमेरा गेलेला, पैसे अडकलेले, आणि वर स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करत बसायचं.

पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि वस्तू घेणाऱ्याचं नाव जुळलंच पाहिजे, हा माझा आग्रह त्यामुळेच आहे. भाऊ, मेहुणा, ऑफिसचं खातं, काहीही कारण सांगितलं तरी नाही. तुमच्या या गिऱ्हाइकाला सांगा की तुमच्या स्वतःच्या खात्यातून पाठवा आणि ओळखपत्र दाखवून स्वतः घेऊन जा. मित्रालाच पाठवायचं असेल तर मित्राच्या खात्यातून मित्राने समोर उभं राहून पैसे पाठवावेत. खरं गिऱ्हाईक थोडं कुरकुरेल, पण येईल. शिवाय पैशांसोबतच्या टिपणीत वस्तूचं नाव आणि अनुक्रमांक लिहायला सांगा. भाड्याचे किंवा नोकरीच्या अनामतीचे पैसे म्हणून कोणी तिसराच ते पाठवत असेल तर टिपणीतच तो गोंधळ उघडा पडतो. आणि जाहिरातीतल्या एखाद्या फोटोत वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवा. असा फोटो चोरून वापरणं अवघड जातं.

'तत्काळ' आणि 'अंतिम' या दोन शब्दांवर पूर्वीइतकं विसंबूनही राहू नका. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून फसवणुकीने पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला 85,000 पौंडांपर्यंत भरपाई देणं बँकांना बंधनकारक झालं, आणि हा भार पाठवणारी व घेणारी बँक अर्धा-अर्धा उचलतात. साहजिकच पैसे घेणारी बँकही आता संशयित रकमेकडे बारकाईने बघते. ब्राझीलने पिक्समध्ये 2021 पासून फसवणुकीची रक्कम अडवून परत करण्याची खास सोय केली. हे चांगलंच आहे. पण याचा अर्थ असा की खात्यात आलेला पैसा कुठून आला याची थोडी काळजी आता प्रामाणिक विक्रेत्यालाही घ्यावी लागते.

पैसे खरंच आले का, हे तपासण्याची जागा एकच: तुमच्या स्वतःच्या बँकेचं ॲप, तुम्ही स्वतः उघडलेलं. समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण पुरावा होत नाही, पेमेंट झाल्यासारखा पडदा दाखवणारी बनावट ॲप असतात. स्क्रीनशॉट तर बोलायलाच नको. एसएमएसही नाही, कारण बँकेच्या नावाने दिसणारा संदेश दुसऱ्या कोणालाही पाठवता येतो. 'पैसे पाठवलेत, सिस्टिममध्ये अडकलेत, तासाभरात दिसतील, मला मात्र गाडी पकडायची आहे' असं कोणी म्हणालं तर तासभर थांबायला सांगा. वस्तू तोवर तुमच्याच हातात राहू द्या.

पिन, क्यूआर आणि लिंक यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, तरी रोज कोणीतरी फसतं, म्हणून लिहिते. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. ओटीपी लागत नाही. कार्डामागचे तीन आकडे लागत नाहीत. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही, तो देणारा करतो. यूपीआयमध्ये पिन टाकून पैसे तुमच्या खात्यातून जातात, खात्यात कधीच येत नाहीत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची यूपीआयमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट' फसवणुकीसाठी इतकी वापरली गेली की ऑक्टोबर 2025 पासून ती बंद करण्यात आली. क्यूआरचा डाव मात्र चालूच आहे: 'हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.'

लिंकचा प्रकार जगभर पसरलेला आहे. गिऱ्हाईक म्हणतं की मी कुरियर कंपनीमार्फत पैसे भरलेत, या लिंकवर जाऊन ते घ्या. पान हुबेहूब त्या कंपनीचं किंवा विक्रीच्या संकेतस्थळाचं दिसतं, तुमच्या वस्तूचा फोटोही त्यावर असतो, आणि 'रक्कम मिळवण्यासाठी' कार्डाचे तपशील मागितले जातात. ग्रुप-आयबी या सुरक्षा कंपनीने अशा टोळ्यांचा माग काढून त्या प्रकाराला 'क्लासिस्कॅम' असं नाव दिलं. टेलिग्रामवरचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ही बनावट पानं काही क्षणांत तयार करून देतात, त्यामुळे पान नीटनेटकं आहे, शुद्धलेखन बरोबर आहे, यावरून काहीच ठरत नाही. संकेतस्थळावर पैसे खरंच भरले असतील तर तुमच्या तिथल्या खात्यात स्वतः लॉगिन केल्यावर ते दिसतील. बाहेरून आलेली लिंक उघडण्याची गरजच पडत नाही.

त्यावरून विक्रीच्या संकेतस्थळाच्या आतल्या पेमेंटकडे येते, कारण दूरच्या अनोळखी खरेदीदारासाठी मी बहुतेक वेळा तेच सुचवते. त्यात कंपनी पैसे आधी घेते, तुम्ही माल पाठवता, तो पोहोचतो, ठरलेली मुदत जाते आणि मग पैसे तुम्हाला मिळतात. व्हिंटेड या जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या संकेतस्थळावर माल पोहोचल्यावर खरेदीदाराला अडचण कळवायला 2 दिवस असतात. ईबेवर खरेदीदाराची हमी 30 दिवसांची आहे. शुल्क जातं, पैसे उशिरा मिळतात, आणि वादात निर्णय देणारा कधी कधी खरेदीदाराकडे झुकतो हेही खरं. पण वाद कोणाकडे न्यायचा, किती दिवसांत, कोणत्या पुराव्यानिशी, हे आधीपासून लिहिलेलं असतं, आणि एकट्या विक्रेत्याला त्याचा मोठा आधार असतो. म्हणूनच 'इथलं शुल्क कशाला, आपण बाहेर व्हॉट्सॲपवर बोलू' असं कोणी सुचवलं की सावध व्हा. बाहेर पडलात की हा आधार संपतो.

वस्तू फार महाग असेल तर एस्क्रो सेवा हा पर्याय आहे. तिसरी संस्था पैसे सांभाळते, खरेदीदार वस्तू तपासतो, मान्य केल्यावर पैसे सुटतात. एस्क्रो डॉट कॉम 1999 पासून हे काम करते. पण इथे एक अट मी कधीच सोडत नाही: सेवा कोणती वापरायची हे विक्रेत्याने ठरवायचं आणि पत्ता स्वतः टाइप करून उघडायचा. खरेदीदाराने सुचवलेली, कधी न ऐकलेली एस्क्रो कंपनी बहुधा त्यानेच उभी केलेली असते. 'पैसे सुरक्षित जमा आहेत, माल पाठवा' एवढी एक ईमेल पाठवण्यासाठीच ते संकेतस्थळ बनवलेलं असतं.

रोख रक्कम जुनी वाटते, पण समोरासमोरच्या व्यवहारात ती आजही उत्तम आहे. दिली की दिली, कोणी परत ओढू शकत नाही. धोके दोनच, खोट्या नोटा आणि तुमची स्वतःची सुरक्षितता. दोन्हींवर एकच उपाय: बँकेच्या शाखेत भेटा, काउंटरवर रक्कम आपल्या खात्यात भरा, नोटा तपासल्या जातील, मग वस्तू द्या. ते जमत नसेल तर दिवसाउजेडी, कॅमेरे असलेल्या गजबजलेल्या जागी, सोबत कोणाला तरी घेऊन. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पोलीस ठाण्यांच्या आवारात अशा देवाणघेवाणीसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. घरी मात्र शक्यतो बोलावू नका.

गिफ्ट कार्डने पैसे घेऊ नका. कॅश ऑन डिलिव्हरीत खरेदीदार माल घ्यायला नकार देतो आणि जायचं-यायचं भाडं तुमच्या माथी बसतं, शिवाय रिकाम्या किंवा बदललेल्या खोक्याचा वाद होतो, तेव्हा एकट्या महागड्या वस्तूसाठी ती पद्धत नको. क्रिप्टोबद्दल इतकंच सांगते की बिटकॉइनचा पक्का झालेला व्यवहार परत फिरत नाही हे विक्रेत्याच्या सोयीचं आहे, पण 'पक्का' म्हणायला थांबावं लागतं. सरासरी 10 मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, तयार होतो आणि मोठ्या रकमेसाठी 6 पुष्टी, म्हणजे असे 6 ब्लॉक, बघण्याचा प्रघात आहे. त्याआधी फक्त 'पाठवलं' असं दिसतं, ते बदललंही जाऊ शकतं. प्रसिद्ध नाण्याचं नाव लावलेले बनावट टोकनही (डिजिटल नाणी) क्रिप्टोच्या पाकिटात, म्हणजे ती ठेवायच्या ॲपमध्ये, येऊन पडतात आणि आकडा मोठा दिसतो. ज्याला हे तपासता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

पद्धत कोणतीही निवडा, पुरावा तुम्हालाच तयार करायचा आहे, आणि तो विक्रीच्या दिवशीच तयार होतो. महिन्याभराने तक्रार आल्यावर तो उभा करता येत नाही. कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा अनुक्रमांक जाहिरातीतल्या एखाद्या फोटोत अर्धा झाकून दाखवा आणि पूर्ण फोटो स्वतःकडे ठेवा. मोबाइल विकत असाल तर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. असलेले ओरखडे लपवू नका, उलट जवळून फोटो काढून वर्णनात लिहा. 'वर्णनाप्रमाणे नाही' या तक्रारीवर याहून चांगलं उत्तर नाही. पॅकिंग करताना सलग, न तोडलेला व्हिडिओ घ्या: वस्तू चालू करून दाखवा, अनुक्रमांक दाखवा, खोक्यात ठेवा, टेप लावा, वरची पावती कॅमेऱ्यासमोर धरा. कुरियरच्या पावतीवरचं वजन पुसट असेल तर नीट लिहून घ्या. रिकामं खोकं आलं असं कोणी म्हणालं तर वजनाचा तो आकडा तुमच्या बाजूने बोलतो. माल परत आला तर उघडतानाही व्हिडिओ, कारण तुमच्या चालू कॅमेऱ्याच्या जागी दुसराच बिघडलेला परत पाठवणारे लोक आहेत. अनुक्रमांक तिथेच जुळवून बघा.

बोलणं लेखी ठेवा. फोनवर ठरलं तरी नंतर एका संदेशात लिहून पाठवा: किंमत एवढी, वस्तूची अवस्था अशी, पाठवायचा पत्ता हा. समोरच्याने 'ठीक आहे' लिहिलं की तेही कागदपत्रच आहे.

इतकं करूनही तक्रार आलीच, तर पहिल्या दिवशी काय करता याला फार महत्त्व आहे. चार्जबॅकच्या किंवा पेपालच्या नोटिशीवर उत्तर द्यायला मोजके दिवस असतात आणि मुदत गेली की तुमची बाजू न ऐकताच निकाल लागतो. उत्तर लिहिताना राग, अपमान, त्या माणसाचा स्वभाव, हे सगळं बाजूला ठेवा. तक्रारीचं कारण काय नोंदवलंय ते वाचा आणि फक्त त्याच कारणाला उत्तर द्या. 'माल मिळाला नाही' असं असेल तर पोच आणि सही वर ठेवा, वस्तू किती चांगली होती याची पानं जोडू नका. वाचणाऱ्याकडे एका प्रकरणासाठी थोडीच मिनिटं असतात, आणि पहिल्या पानावर नेमका कागद दिसला तर फरक पडतो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

खातं गोठवलं गेलं असेल तर बँकेकडून लेखी कारण मागा, कोणत्या व्यवहारामुळे आणि कोणाच्या तक्रारीवरून ते विचारा, आणि जाहिरात, संवाद, वस्तू नेणाऱ्याचं ओळखपत्र, टिपणीसह पेमेंटची नोंद हे सगळं एकत्र करून बँकेला आणि पोलिसांना द्या. ज्यांचे पैसे तुमच्या खात्यात आले त्यांना परस्पर ते परत करायला जाऊ नका, हे काम तपास यंत्रणा आणि बँक यांच्यामार्फतच व्हायला हवं. नाहीतर तुम्ही पैसे एकदा परत कराल आणि बँक पुन्हा एकदा वळते करेल. उलट तुम्हीच पिन किंवा कार्डाचे तपशील देऊन बसला असाल तर आधी बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून खातं आणि कार्ड बंद करा, मग पोलिसांत तक्रार. क्रम हाच ठेवा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटांत फिरवले जातात.

आणि फसवणूक झाल्यावर काही दिवसांनी 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडं शुल्क भरा' असा फोन किंवा संदेश येण्याची शक्यता मोठी आहे. फसलेल्या लोकांच्या याद्या पुढे विकल्या जातात. बोलणारा कोणत्याही खात्याचं नाव सांगो, कितीही कागद दाखवो, त्याला एक पैसाही देऊ नका आणि तो नंबर तुमच्या तक्रारीतच जोडा.